चौकीदाराला सांगितलेलं

दोघांनाही,

तुम्ही डिसेंबरात येताय. त्याआधी हे तुमच्या हाती पडावं म्हणून आता लिहायला बसले आहे. आल्या आल्या तुम्ही आजोबांना विचाराल की ऑपरेशन का नाही करून घेतलं. ते "बघू" म्हणून हसतील आणि मग तुम्ही माझ्याकडे बघाल. तुमच्या बाबांनी तर फोनवर स्पष्टच विचारलं, "आई, तू त्यांना एवढंही समजावू शकली नाहीस?" याचं उत्तर फोनवर देता येत नाही. द्यायचं तर खेळाबद्दल सांगावं लागतं, आणि खेळाचं नाव काढलं की तुमचे बाबा म्हणतात, "आई, प्लीज, आत्ता ते नको." तुम्हाला मात्र खेळ माहीत आहे. तो मला तुम्हीच शिकवलात.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मलाही जड गेलं नसतं. जन्मभर शाळेत इंग्रजीतूनच भूगोल शिकवला. पण यातलं सगळं बोलणं मराठीत आणि हिंदीत झालं आहे, ते तसंच ठेवते. अडेल तिथे बाबांना विचारा, म्हणजे त्यांचंही वाचून होईल.

तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हा जाताना तो वीस बाजूंचा फासा आणि पुस्तक माझ्याकडे ठेवून गेलात. खेळ कसा चालवायचा हे तुमच्यातल्या मोठीने मला विमानतळावर जायच्या आदल्या दिवशी समजावलं होतं. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय, कोण भेटतंय. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. मी विचारलं, "मग शेवट काय करायचा ते मी ठरवायचं ना?" तर ती म्हणाली, "नाही आजी. जग तुझं, माणसं त्यांची." मला ते तेव्हा नुसतं चटपटीत वाक्य वाटलं होतं.

काही दिवस आपण व्हिडिओवर खेळलो. पण तुमची शाळा सुटायची तेव्हा आमची इथे आंघोळ-नाश्त्याची घाई, आणि तुमच्या रविवारी तुमचे क्लास. ते मागे पडलं. मग मी ठरवलं की फासा कपाटात ठेवण्यापेक्षा इथेच माणसं जमवावीत. आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या सोसायटीत मराठी घरं तीनच. त्यातल्या समोरच्या ब्लॉकमधल्या मेट्रनबाई तुम्हाला आठवत असतील. नगरकडच्या, मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की लिफ्टमध्ये बोलल्या तर दोन मजले ऐकतात. त्यांच्याकडे एक मुलगी पेइंग गेस्ट आहे, लातूरकडची, कलेक्टर व्हायच्या परीक्षेचा अभ्यास करते. रविवारी मेट्रनबाई चर्चहून आल्या, जेवणं झाली, की दोघी आमच्याकडे यायच्या. तिसरा खेळाडू घरातच होता. आजोबा आधी पेपरमागून म्हणाले, "तुमचं चालू द्या." मग मेट्रनबाई म्हणाल्या, "भाऊजी, दोघींचा काय खेळ होणार? या इकडे, चष्मा घेऊन या."

पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपण कोण ते सांगायचं होतं.

मेट्रनबाई म्हणाल्या, "मी पैलवान. आयुष्यभर पेशंट उचललेत, आता लोकांना उचलून आपटणार."

मुलगी म्हणाली, "काकू, मी तहसीलदार. निदान इथे तरी मला पोस्ट द्या."

आजोबांनी बराच विचार केला. सरकारी नोकरीत ज्या माणसाने ऑफिसचं पेन घरी आणलं नाही, तो माणूस म्हणाला, "मी चोर."

"अहो, चोर?"

"कुलपं उघडणारा. मारामारी करणार नाही."

मी शिक्षिका. प्रत्येक तासाचं टिपण काढल्याशिवाय वर्गात न गेलेली. मी एक डोंगराळ मुलूख आखला, नकाशा काढला, नदी, घाट, वाहून गेलेला पूल, बेपत्ता झालेला डाकवाला. कुठल्या वळणावर कोणता धागा सापडेल तेही ठरवलं. पुलाअलीकडे एक डाक बंगला होता. तिथे हे तिघं मुक्कामाला थांबणार आणि चौकीदार त्यांना खोलीची किल्ली देणार. चौकीदाराला मी तीन वाक्यं दिली होती.

पूल वाहून गेलेला पाहून मुलीने काय करावं? म्हणाली, "आधी पंचनामा." पाटलाला बोलावलं, पंच जमवले, नुकसान किती ते विचारलं. माझ्याकडे पाटील नव्हता. तिथल्या तिथे तयार करावा लागला. डाकवाल्याच्या चपला नदीकाठी पडल्या होत्या, त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मेट्रनबाई कंटाळून म्हणाल्या, "अगं तहसीलदारीण, तुझा पंचनामा संपेपर्यंत डाकवाला रिटायर होईल." आणि आजोबा, सगळं सोडून, चौकीदाराशी गप्पा मारत बसले.

चौकीदार हिंदी बोलायचा. मी मुद्दाम ठरवलं नव्हतं. दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर चौकीदाराच्या तोंडी माझ्या डोक्यात मराठी येतच नाही. आपल्याकडे दार लावून घेतलं की मराठी आणि दार उघडलं की हिंदी, असंच चालत आलं आहे. तुमचे बाबाही असेच वाढले. तर आजोबांनी विचारलं, "चौकीदार साहब, आप यहाँ कितने साल से हैं?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी पुढचं विचारलं. बर्फ किती पडतं, साहेब लोक कसे असतात, एकटं वाटत नाही का. मी आवाज जरा जाड करून, डोक्याला ओढणी गुंडाळून उत्तरं देत राहिले. माझी तीन वाक्यं पहिल्या पाच मिनिटांतच संपली होती.

जेवताना मी म्हटलं, "अहो, तुम्ही डाकवाल्याला शोधायचं होतं."

"सापडेल की. चौकीदार चांगला माणूस आहे."

घरी आम्ही दोघंच असताना ते इतकं बोलत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. भांडण वगैरे काही नाही. आमच्या पिढीत नवरा-बायको समोरासमोर बसून मनातलं बोलत नसत, मध्ये कुणीतरी लागायचं. आधी सासूबाई होत्या. मग तुमचे बाबा होते: "बाबांना सांग, मला तो प्रवास झेपणार नाही." "आईला म्हणावं, मग नको जायला." दोघंही त्याच खोलीत. तुमचे बाबा परदेशी गेले आणि आमच्या मधलं माणूसच गेलं. त्यानंतर आम्ही भाजी, औषधं आणि लाइटबिल एवढ्यावर आलो होतो. ते मला त्या रविवारी कळलं.

त्या थंडीत आजोबांना जिना चढताना चक्कर यायला लागली. गुरुग्रामच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण होते, अदबीचे. कागदावर हृदयाचं चित्र काढून दाखवलं: रक्त बाहेर जाण्याच्या वाटेवरची झडप आकसली आहे, बदलावी लागेल. "अंकल जी, अभी करा लीजिए. अभी आप फिट हैं. रुकेंगे तो मुश्किल होगी." आजोबांनी नीट ऐकलं, दोन प्रश्न विचारले आणि मग म्हणाले, "बघू." डॉक्टरांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांना ते समजलं. परतीच्या टॅक्सीत ते खिडकीतून टॉवर मोजल्यासारखे बघत होते. मी म्हटलं, "अहो, तारीख घ्यायची ना?" म्हणाले, "बघू." तुमच्या बाबांचा फोन आला, त्यांनाही तेच. रोज फोन यायचा, रोज तेच उत्तर. आजोबा रागावले नाहीत, घाबरलेले दिसले नाहीत, कारणही दिलं नाही. अंधारात भिंत चाचपत जावं आणि दार कुठे आहे ते सापडू नये, तसं झालं होतं माझं.

पुढच्या रविवारी खेळ होता. मी रद्द करणार होते, आजोबाच म्हणाले, "का? होऊ दे की." गॅलरीत ऊन होतं, मेट्रनबाईंनी सोलायला मटार आणले होते. गोष्टीत पैलवान आणि तहसीलदार गावात चौकशीला गेले होते. चोर मात्र डाक बंगल्याच्या स्वयंपाकघरात चौकीदारापाशी बसला होता.

आजोबा म्हणाले, "चौकीदार साहब, एक बात पूछूँ? आदमी को अपनी कितनी मरम्मत करवानी चाहिए?"

मला वाटलं, गोष्टीतलंच काही आहे. मी म्हटलं, "जितने में छत ना टपके, साहब."

"मेरे बड़े भाई ने करवाई थी. दिल की. ऑपरेशन अच्छा हुआ, सब बोले. मगर टेबल पर ही दिमाग़ में कुछ हो गया. उसके बाद बिस्तर पर रहे. बहुत साल."

हे तुमच्या बाबांचे मोठे काका, नागपूरचे. त्यांचं आजारपण मला माहीत होतं. मी डबे करून पाठवलेत, जाऊन राहिलेही आहे. पुढचं मात्र मला माहीत नव्हतं.

"एक बार मैं मिलने गया. बोल तो नहीं पाते थे. मेरा हाथ पकड़ लिया. छोड़ें ही नहीं. भाभी आईं, बड़े प्यार से उनकी एक-एक उँगली खोली. खिचड़ी का टाइम हो गया था." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उनको कुछ कहना था, चौकीदार साहब. मगर खिचड़ी का टाइम हो गया था."

मेट्रनबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. मी चौकीदार होते, काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "घरवाली से बात की, साहब?"

"घरवाली से?" ते हसले. "वो तो सब करेगी. टाइमटेबल बनाएगी, दीवार पर लगाएगी. एक दिन नहीं चूकेगी. मुझे उसी का डर है."

मुलगी फिस्सकन हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. मी ओढणी सारखी केली. म्हटलं, "चाय और दूँ, साहब?"

खेळ संपल्यावर स्वयंपाकघरात मेट्रनबाईंनी मला धरलं. "अगं, आता कळलं ना तुला? मग बोल की त्यांच्याशी! असं होतं कधीतरी, पण रोज होत नाही. लोक चालत घरी जातात, मी स्वतः लिफ्टपर्यंत सोडलेत."

"मला कुठे सांगितलंय त्यांनी? चौकीदाराला सांगितलंय."

"वेडी आहेस का तू? चौकीदार म्हणजे कोण?"

मुलगी कप विसळत होती. ती हळूच म्हणाली, "मावशी, नियम आहे तो. एकाने ऐकलेलं दुसऱ्याने वापरायचं नाही. नाहीतर पुढे कुणी काही सांगतच नाही."

नियम तुम्हाला माहीतच आहे. डाक बंगल्यात चोर काय बोलला ते गावात गेलेल्या पैलवानाला ठाऊक नसतं, टेबलापाशी मेट्रनबाईंनी ऐकलं असलं तरी. मी त्याला धरून राहिले. पण खरं तर नियमाचं भय नव्हतं. इतक्या वर्षांनी मध्ये कुणीतरी मिळालं होतं, आणि मी त्याला बाजूला सारून पुढे झाले असते तर तेही बोलणं बंद झालं असतं. त्या संध्याकाळी मी पत्नी म्हणून एवढंच विचारलं, "ऑपरेशनचा काही विचार झाला?" ते म्हणाले, "बघू." पण त्यांच्या बघण्यावरून मला दिसलं की मला कारण कळलं आहे हे त्यांना ठाऊक आहे, आणि मी ते बोलणार नाही हेही.

मग जे काही करायचं ते चौकीदारालाच करावं लागणार होतं. तो आठवडा मी तयारीत घालवला. चौकीदाराला एक भाऊ दिला, त्याचीही छाती दुरुस्त झालेली, तो आता खेचर घेऊन घाट चढतो. चौकीदाराला चांगले मुद्दे दिले, उलट प्रश्न येतील ते धरून उत्तरं दिली. वर्गात जायच्या आधी करायची तसं सगळं. मेट्रनबाईंनी शस्त्रक्रियेची माहिती पुरवली, ती मी चौकीदाराच्या तोंडी बसेल इतकी सोपी केली.

रविवारी चौकीदाराने सगळं सांगितलं. आजोबांनी मन लावून ऐकलं. "आपका भाई ठीक है, ये सुनकर अच्छा लगा," म्हणाले.

"तो आप भी करवा लीजिए, साहब."

"नहीं, चौकीदार साहब."

मुलगी मध्ये पडली. गोष्टीत ती आता गावातून परत आली होती, म्हणजे तिला बोलायचा हक्क होता. "मी तहसीलदार म्हणून आदेश काढते. चोराने दुरुस्ती करून घ्यावी. न केल्यास कारवाई होईल."

"अपील कुठे करायचं?" आजोबांनी विचारलं.

"माझ्याकडेच."

"मग झालं कल्याण." सगळे हसलो.

मेट्रनबाई हसता हसता गंभीर झाल्या. फासा उचलून माझ्या हातात कोंबला. "टाक. दहाच्या वर आलं की भाऊजी ऐकतील. टाक तू."

मी फासा मुठीत धरला. नदीला पूर आणायचा होता तर मी आणला असता, पूल परत बांधला असता, डाकवाला मेला असता तरी उठवून बसवला असता. त्या मुलखातली सगळी झाडं माझी होती. पण चोर काय ठरवतो ते माझ्या हातात नव्हतं आणि फाशाच्याही नव्हतं. "माणसं त्यांची" हे मोठीने सांगितलेलं मला तेव्हा कळलं. मी फासा खाली ठेवला.

आजोबा म्हणाले, "विचार हो गया है मेरा. जितने दिन अपने हाथ से चाय पी सकूँ, उतने काफ़ी हैं. आप बुरा मत मानना." मग मराठीत, मेट्रनबाईंकडे वळून, "चला, त्या डाकवाल्याचं बघायचं की नाही?"

तुमच्या बाबांना मी काय सांगणार होते? त्यांना वाटतं मी प्रयत्नच केला नाही. मी केला, पण तो अशा जागी केला जिथलं त्यांना सांगता येत नाही.

उन्हाळा ठीक गेला. पावसाळ्याच्या शेवटी आजोबा सोसायटीच्या बागेत बाकावरून उठताना कोसळले. गेटवरच्या गार्डने खुर्चीत बसवून वर आणलं. पुन्हा गुरुग्राम, तेच डॉक्टर. या वेळी त्यांनी चित्र काढलं नाही. मला बाहेर बोलावून म्हणाले, "आंटी जी, अब किडनी भी साथ नहीं दे रही. अब ऑपरेशन में रिस्क बहुत है. दवाई से जितना हो सके." मी आत जाऊन आजोबांना तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी मान हलवली. त्या वेळी "बघू" म्हणाले नाहीत.

घरी आल्यावर तीन रविवार खेळ झाला नाही. चौथ्या रविवारी त्यांनीच पलंगाला टेकून विचारलं, "मंडळी येणार आहेत ना?" आम्ही खुर्च्या पलंगाभोवती घेतल्या. मी ओढणी गुंडाळली. गोष्टीत डाकवाला सापडला होता, पूल अजून व्हायचा होता. मुलगी ठेकेदारांना नोटिसा काढत होती. चोर चौकीदारापाशी आला.

श्वास लागत होता, म्हणून तुकड्या-तुकड्यांनी बोलले. "चौकीदार साहब. सच बताना. मैंने ग़लती की?"

मेट्रनबाई उशी सारखी करायच्या निमित्ताने उठल्या आणि उशीपाशीच उभ्या राहिल्या. हो म्हणावं तर काय उपयोग, आणि नाही म्हणावं तर ते मला स्वतःला पटलेलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. त्या मुलखाचा एकही कोपरा मला उपयोगी पडेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही हो माहीत. मला खरंच नाही माहीत."

मराठीत. चौकीदार मराठीत बोलला होता, आणि आवाजही जाड नव्हता.

आजोबांनी डोळे मिटले. मला वाटलं, संपलं आता, खेळ मीच मोडला. मग त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "चौकीदार साहब, आपने मराठी कब सीख ली?"

मुलगी आधी हसली, मग मेट्रनबाई, त्यांच्या त्या दोन मजली आवाजात. मी ओढणीने डोळे पुसले आणि जाड आवाज काढून म्हटलं, "आप ही लोगों से, साहब. इतने दिन से ठहरे हुए हैं."

"अच्छा किया," ते म्हणाले.

त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही. मीही उत्तर शोधणं सोडलेलं नाही, पण सापडेलसं वाटत नाही. तुम्ही आलात की त्यांना ऑपरेशनबद्दल विचारू नका. बाकी काय हवं ते विचारा. फार वेळ बसवू नका, तीन उशा लागतात, आणि चहा त्यांना स्वतःच्या हाताने घेऊ द्या, सांडला तरी.

त्यांच्या पायांवर सूज असते, जिना बंद झाला आहे, पेपर मी वाचून दाखवते. रविवारी दुपारी अर्धा तास ते अजून बोलतात.